आयकलं का

दुपट्टा माझ्या खांद्यावर पडला होता. मग तो उचलला गेला.

मनोहरच्या तेरवीचा दिवस. नागपुरातल्या नंदनवन भागातलं त्याच्या मामांचं घर. गच्चीवर मांडव, खालच्या हॉलमधले सोफे भिंतीला लावून सतरंज्या अंथरलेल्या. आमच्याकडे तेरवीला विधी आटोपले की घरातल्या पुरुषांना रांगेत बसवतात आणि पाहुणे त्यांच्या खांद्यावर एकेक पांढरा दुपट्टा टाकतात. म्हणजे दुखवटा संपला, आता उठा, कामाला लागा. ज्याच्या खांद्यावर दुपट्टा पडला तो घरचा. बाकीचे जेवायला आलेले.

मी दाराजवळ उभा होतो. मनोहरच्या आईनं मला पाहिलं. काटोलकडच्या खेड्यातली बाई, बोलणं मोजकं. ती म्हणाली, "बस गा तूबी तिथं." आणि हातानं रांग दाखवली.

मी रांगेच्या शेवटी बसलो. मांडी घालून, हात गुडघ्यांवर. दुपट्टे टाकणारा कोणी दूरचा पाहुणा होता. तो मला ओळखत नव्हता. त्यानं माझ्याही खांद्यावर एक टाकला. कोरं कापड, खळीचा वास. तेरा दिवसांत पहिल्यांदा वाटलं, आता रडता येईल.

तेवढ्यात मामा आले. त्यांनी दोन बोटांनी दुपट्ट्याचं टोक धरलं, ओढून घेतला आणि घडी घातली.

"सर, हे घरच्या लोकायसाठी असते. तुम्ही वर चाला, पंगत बसून राहिली."

रांगेतल्या एकानं विचारलं, "कोण होय गा हे?"

"मनोहरचे रूम पार्टनर. कॉलेजात लायब्ररीले आहेत."

"अस्सं. रूम पार्टनरले दुपट्टा." तो हसला. "मंग घरमालकालेही टाका ना एक."

दोन-तीन जण हसले. तेरवीला लोक हसतात, त्यात वाईट काही नाही. फक्त एवढंच की घरमालकही मीच होतो. शहराच्या कडेला बेसात आम्ही राहत होतो तो फ्लॅट माझा होता, आणि मनोहर त्यात चौदा वर्षं राहिला होता.

मी त्याच्या आईकडे पाहिलं. ती सतरंजीकडे बघत होती.

मी उठलो. वर गेलो. पंगतीत बसलो आणि वाढलेलं सगळं खाल्लं. मला सगळ्यात जास्त हेच बोचतं. मी जेवलो. बुंदीसुद्धा खाल्ली. कोणी पुन्हा वाढायला आलं तर ताटावर आडवा हात धरून "बस, बस" म्हटलं, पाहुण्यासारखं.

*

रूम पार्टनर हे नाव मामांनी शोधलेलं नाही. ते आम्हीच घेतलं होतं.

नागपुरात बाहेरगावची मुलं शिकायला येतात, दोघं-तिघं मिळून खोली करतात. ते रूम पार्टनर. एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. निदान तिशीपर्यंत येत नाही. नंतर लोक विचारतात, लग्न नाही केलं काय. मनोहर सांगायचा, "वायरमनले पोरगी कोण देते गा?" आणि माझ्या वतीनंही सांगून टाकायचा, "सरायले पुस्तकाच्या पुढं काही दिसतच नाही." लोक हसायचे. आम्हीही हसायचो.

तो आमच्या कॉलेजात वायरिंगच्या कामाला आला होता. वाचनकक्षातल्या मोठ्या टेबलावरचा दिवा लुकलुकत होता. तो शिडीवर, मी शिडी धरून खाली. वरूनच म्हणाला, "सर, इतके सारे पुस्तकं वाचले काय तुम्ही?"

"नाही. सांभाळतो."

"मंग आपलं सारखंच. मीबी लाइट लावतो, खाली बसतात दुसरेच."

मला असं कोणी कधी सहज बोललं नव्हतं. मी शिडी जरा जास्तच घट्ट धरली.

तोवर मी छत्तीस वर्षांचा झालो होतो आणि स्वतःबद्दल मला जे कळलं होतं ते एका कपाटातून. ग्रंथालयाच्या आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्याला आम्ही राखीव कपाट म्हणत असू. विद्यार्थ्यांच्या हाती पडू नयेत अशी पुस्तकं आधीच्या ग्रंथपालांनी त्यात घालून कुलूप लावलं होतं. शरीराची, कामजीवनाची, एक-दोन नुसत्याच वाईट मुखपृष्ठांची. मी नोकरीला लागलो तेव्हा किल्ली माझ्याकडे आली.

शाळेत असताना मी शब्दकोशात स्वतःला शोधलं होतं. सापडली ती शिवी. पुढे त्या कपाटातल्या मानसशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकात सापडलो, 'विकृती' या प्रकरणात, आग लावणाऱ्यांच्या आणि चोरीची सवय असलेल्यांच्या मधे. मी ते प्रकरण तीनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की असे लोक एकटे मरतात. लेखकाला कसं माहीत, असं मला तेव्हा वाटलं नाही. छापलेलं होतं, म्हणजे खरं.

राखीव कपाटात एक पातळ पुस्तक होतं. कोणीतरी देणगीत दिलेलं, साध्या मराठीतलं. पुरुषाला पुरुष आवडू शकतो, बाईला बाई, हा रोग नाही, हे बदलत नाही, बदलायला जाऊ नका. एवढंच. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं. आठ दिवस ठेवलं. नोंद केली नाही. मग परत आणून पुन्हा कुलूप लावलं.

इथे मला थांबून एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर मामांविषयी लिहायचा मला हक्क राहत नाही.

मनोहर माझ्या घरी राहायला आल्यानंतरची गोष्ट. एम.ए.ची एक विद्यार्थिनी मागणीचिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीवर त्याच पातळ पुस्तकाचं नाव. जुन्या नोंदवहीत तिला ते दिसलं असावं. तिचं अक्षर बारीक होतं आणि चिठ्ठी तिनं टेबलावर उलटी ठेवली होती. मी वाचली. तिच्याकडे पाहिलं. तिनं लगेच नजर वळवली. मला सगळं कळलं. माझ्या शर्टाच्या खिशात किल्ली होती.

मी जांभळ्या शाईचा शिक्का उचलला आणि चिठ्ठीवर मारला. 'उपलब्ध नाही.'

मला भीती वाटली होती. पुस्तक दिलं तर तिला कळेल की मी ओळखलं, आणि मी कसं ओळखलं हेही कळेल. ती "थँक्यू सर" म्हणून गेली. पुन्हा वाचनकक्षात दिसली नाही. ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे.

*

आमच्यासारख्यांचं नातं गुन्हा नाही, असा कोर्टाचा निकाल आला त्या संध्याकाळी मनोहर गरम जिलेबी घेऊन आला. दार लावलं. पडदे ओढले. मग पुडा उघडला.

"आता तं आपण कायदेशीर हाओत," तो म्हणाला.

"मंग पडदा काहून लावला?" मी त्याच्या बोलीत विचारलं.

"समोरचे पेपर वाचत नाहीत ना."

जिलेबी संपेपर्यंत आम्ही हसत होतो. पडदा मात्र लावलेलाच राहिला.

तो गेला तो अचानक. कामावर असताना चक्कर आली, खाली बसला, मग बोलणं बंद. मेंदूत रक्तस्राव. मला त्याच्या हाताखालच्या कारागिरानं फोन केला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा अतिदक्षता विभागाच्या दारात बसलेल्या बाईनं विचारलं, "नातेवाईक कोण?"

मी तोंड उघडलं.

मामा माझ्या मागेच आले होते. "मी मामा. हे रूम पार्टनर होत त्याचे."

बाईनं माझ्याकडे पाहून विचारलं, "रूम पार्टनर?"

मी मान हलवली. होकाराची.

मामा आत गेले. फॉर्मवर मामांची सही. तीन दिवस मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो होतो. मनोहरची बहीण ज्योती तेवढी एकदा बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, डोळे उघडले नाही त्यानं. उघडले तं मी तुम्हाले हाक मारीन." ती मला पहिल्यापासून दादाच म्हणायची. हाक मारायची वेळ आली नाही.

तेरवीनंतर चार दिवसांनी मामा टेम्पो घेऊन बेसाला आले. मनोहरचे कपडे, अवजारांची पेटी, त्याची मोटरसायकल. मी सगळं काढून दिलं. मामा दुसऱ्या खोलीत गेले. तिथल्या पलंगावर पुस्तकांचे गठ्ठे होते, वर्षानुवर्षं कोणी न झोपलेला पलंग. मग ते आमच्या खोलीत आले. तिथे मनोहरनं पलंगाच्या दोन्ही बाजूंना दिव्याची दोन बटणं बसवली होती. इकडून लावा, तिकडून बंद करा. मामांनी एक बटण दाबलं. दिवा लागला. पलंगाला वळसा घालून ते दुसऱ्या बाजूला गेले आणि ते बटण दाबलं. दिवा गेला.

त्या दिवशी त्यांना कळलं. किंवा आधीच कळलं होतं आणि त्या दिवशी नाही म्हणायची सोय राहिली नाही.

स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये त्याचा एक टेस्टर राहिला. मामांच्या नजरेतून सुटलेला.

*

मग मला वाचता येईना.

ग्रंथपालाला वाचता येईना, हे कोणाला सांगणार. अक्षरं दिसायची. ओळ संपायची. पुन्हा तीच ओळ. संध्याकाळी घरी येऊन मी कुकर लावायचो दोघांचा, आणि मग अर्धा भात दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचो. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "दुसरा कोणी भाडेकरू बघ, सोबत होईल." त्याचा काही दोष नाही. मी त्याला कधी काही सांगितलंच नव्हतं.

चार महिन्यांनी मी सीताबर्डीतल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. चांगला मोठा दवाखाना, भिंतीवर पदव्या. त्यांनी विचारलं, "मिसेस गेल्या का?"

"नाही. मित्र."

"मित्र." ते थांबले. "मित्रासाठी चार महिने? वय काय तुमचं? लग्न?"

"नाही केलं."

ते खुर्चीत मागे रेलले. समजल्यासारखं हसले. "हे बघा, तुम्ही सुशिक्षित माणूस आहात. अशा सवयी लागतात एकटेपणात. अजूनही उशीर झालेला नाही. एखादी समजूतदार, घटस्फोटित वगैरे बाई पाहा. सहा महिन्यांत तुम्हीच हसाल या सगळ्यावर."

झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मी "थँक्यू डॉक्टर" म्हटलं. दाराबाहेर आल्यावर मला ती विद्यार्थिनी आठवली. तीही थँक्यू म्हणाली होती.

गोळ्या मी घेतल्या नाहीत. जमवल्या. किती जमल्या ते मला माहीत होतं, आणि कशासाठी जमवतोय हेही. एवढंच लिहितो.

मला वाचवलं ते एका परिपत्रकानं, हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. सर्व विभागांनी समुपदेशनाची सूचना फलकावर लावावी, असं कार्यालयातून आलं. ग्रंथालयाच्या फलकावर मीच पिना टोचल्या. चार कोपऱ्यांना चार. चौथी टोचताना खालची ओळ वाचली. 'लैंगिकता, नातेसंबंध, दुःख याविषयी मोकळेपणानं बोलता येईल.' पहिल्यांदाच ओळ संपली आणि मला ती कळली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी फोन केला.

त्या समुपदेशक बाई एका सरकारी दवाखान्याच्या जुन्या इमारतीत दर गुरुवारी बसायच्या. छोटी खोली, टेबलावर पाण्याचा तांब्या. पन्नाशीच्या, केस अर्धे पांढरे. त्यांनी वही उघडली.

"काय झालं?"

"मित्र गेला."

त्यांनी 'मित्र' लिहिलं. "एकत्र राहत होता?"

"हो. रूम पार्टनर."

त्यांचं पेन थांबलं. मला वाटलं, आता लग्नाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "घरात ते तुम्हाला काय म्हणायचे? हाक कशी मारायचे?"

मी भिंतीकडे पाहिलं. हा प्रश्न मला जगात कोणी विचारला नव्हता. उत्तर मला येत होतं, पण ते घराबाहेर कधी निघालंच नव्हतं.

"नावानं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आणि बऱ्याच वेळानं म्हटलं, "आयकलं का, म्हणायचा."

दारातून आत येताना, एक चप्पल पायात, एक हातात. आयकलं का, कुकर लावला काय. आयकलं का, उद्या पाणी येणार नाही. बाहेर चारचौघांत मी 'सर' होतो. घरात मला नाव नव्हतं. त्याची आई त्याच्या वडलांना अशीच हाक मारायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून. त्यानं ते लहानपणापासून ऐकलं होतं, आणि माझ्या घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात, काही न ठरवता, त्याच्या तोंडून ते निघालं. त्या दिवशी आम्ही दोघंही क्षणभर थबकलो होतो. मग मी म्हटलं होतं, "आयकलं." पुढे चौदा वर्षं मी तेवढंच म्हणत आलो.

बाई म्हणाल्या, "माझी आईही बाबांना 'ऐकलं का' म्हणायची. मी लहान असताना मला वाटायचं, बाबांचं नावच ते आहे."

मग त्यांनी वहीतल्या 'मित्र' या शब्दावर रेघ मारली.

"इथे काय लिहू?"

"तुम्हीच लिहा."

"नाही. तुम्ही सांगा. घाई नाही."

घाई नव्हती. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक वाजत होतं. तो आवाज दूर गेला. मी म्हटलं, "माझा माणूस." आमच्याकडे बायका नवऱ्याबद्दल बोलताना म्हणतात तसं. माझा माणूस गेला.

त्यांनी लिहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दुखवट्यात आहात. तुमचा दुखवटा कोणी पाळू दिला नाही, म्हणून तो आत अडकलाय. तुमच्या प्रेमात आजार नाही. पण जेवण तुटलंय, झोप तुटलीये, त्याचं आपण बघू. गरज पडली तर मी अशा डॉक्टरांकडे पाठवीन जे लग्नाचा सल्ला देणार नाहीत. घरात गोळ्या आहेत का?"

मी हो म्हटलं. पुढच्या गुरुवारी त्या आणून त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

असे कितीतरी गुरुवार गेले. त्यांच्याच सांगण्यावरून एका रविवारी दुपारी मी एका शिकवणीवर्गाच्या खोलीत जमणाऱ्या आमच्यासारख्यांच्या गटात गेलो. मुलांची छोटी बाकं, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. आठ-नऊ माणसं. कोणी विशीतलं, एक बाई साठीच्या. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "माझा माणूस गेला. आठ महिने झाले." कोणी 'मित्रासाठी?' म्हटलं नाही. साठीच्या बाई म्हणाल्या, "माझीला सहा वर्षं झाली." त्या 'माझी' शब्दावर मी खाली मान घातली आणि तेरवीला अडलेलं रडू तिथे, त्या लहान बाकावर, गुडघे पोटाशी येत असताना बाहेर पडलं.

नंतर मी एकटाच मेट्रोनं परतलो. घर तसंच होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं की असं कुठे गेलं की एकटेपणा जातो. तो जात नाही. त्याला नाव मिळतं, एवढंच. वाचायला मात्र हळूहळू येऊ लागलं. एका बैठकीत दोन पानं.

*

वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी मामा आले. एकटे. हातात पिशवी. मी चहा ठेवला. ते सोफ्यावर बसले, खोलीच्या दाराकडे पाठ करून.

"वर्ष झालं सर. त्या दिवशी गडबडीत राहून गेलं. तुमचाही दुखवटा काढाले पाह्यजे."

त्यांनी पिशवीतून दुपट्टा काढला. घडी उलगडली आणि उठून माझ्या खांद्यावर टाकला. तोच खळीचा वास. मी वर्षभर त्या कापडासाठी आत कुठेतरी हात पसरून बसलो होतो, हे मला तेव्हा कळलं. माझे डोळे भरले. मामांनी ते पाहिलं आणि बसून घेतलं.

"ज्योतीचं जमून राहिलं. वर्ध्याचे लोक आहेत, चांगले. पण त्यायच्या कानावर कोणीतरी घातलं."

"काय घातलं?"

"जाऊ द्या. तोंडानं म्हणाच्या गोष्टी नाहीत. रविवारी ते येऊन राहिले नंदनवनले. तुम्ही फक्त येऊन बसाचं. म्हणाचं, मनोहर माह्याकडे भाड्यानं राहे, रूम पार्टनर होता, त्याच्यासाठी पोरगी पाहणं चालू होतं. पाच मिनिटाचं काम. तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या शब्दाले वजन आहे."

चहा उकळून वर आला. मी उठून गॅस बंद केला. दुपट्टा खांद्यावरच होता. ड्रॉवर थोडा उघडा होता आणि आत टेस्टर दिसत होता.

बाहेर येऊन मी विचारलं, "मामा, हा दुपट्टा घरच्या माणसाचा आहे की घरमालकाचा?"

"आता काय फरक पडते?"

"मला पडतो."

"सर, पोरीच्या जिंदगीचा सवाल आहे."

"मामी तुम्हाला हाक कशी मारतात?"

"म्हंजे?"

"घरात. नाव घेतात?"

"नाव कशी घेईन? आयकलं का म्हणते. सगळ्याच म्हणतात."

"मनोहर मला तेच म्हणायचा. चौदा वर्षं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता आधी. काहीतरी ओळखीचं चुकीच्या घरात सापडावं तसा चेहरा झाला होता. मग राग आला.

मी दुपट्टा काढला. घडी घातली. त्यांच्या बाजूला सोफ्यावर ठेवला. म्हटलं, "मी वर्ध्याच्या लोकांकडे जाऊन काही सांगणार नाही. ज्योतीनं मला विचारलं तर तिच्याशी बोलीन. पण मी त्याचा रूम पार्टनर होतो, हे मी पुन्हा म्हणणार नाही. दवाखान्यात एकदा मान हलवली. ती शेवटची."

"तिले मधात आणू नका," मामा म्हणाले. दुपट्टा पिशवीत कोंबला. दारात थांबून म्हणाले, "मोडलं तं ते तुमच्या डोक्यावर."

चहा त्यांनी घेतला नाही. मीही नाही. जिंकल्यासारखं काहीही वाटलं नाही.

ते मोडलं. पुढच्या आठवड्यात ज्योतीचा फोन आला.

"दादा, पाच मिनिटं तं होते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मले सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून. मी कधी काही म्हटलं काय तुम्हाले? मंग तुम्ही माह्यासाठी एवढं नाही करू शकले?"

"नाही करू शकलो, ज्योती."

तिनं फोन ठेवला. ती अजून बोलत नाही. तिच्या जागेवरून ती बरोबर आहे. मी स्वतःला स्वच्छ म्हणवून घेत नाही. ज्यांनी कानावर घातलं आणि ज्यांनी तेवढ्यावरून मुलगी नाकारली त्यांना कोणी जाब विचारणार नाही, विचारणार मला, हेही मला माहीत आहे. गुरुवारी बाईंनी विचारलं, "पुन्हा तशीच वेळ आली तर?" मी विचार करून सांगितलं, "पुन्हा नाहीच म्हणेन. आणि पुन्हा असंच वाईट वाटेल."

दुसऱ्या दिवशी मी राखीव कपाट उघडलं. सगळी पुस्तकं बाहेर काढून धूळ पुसली. 'विकृती'चं जुनं पुस्तक रद्द यादीत लिहिलं. बाकीची वाचनकक्षातल्या खुल्या मांडणीवर लावली, कंबरेच्या उंचीवर, वाकावं लागू नये अशी. पातळ पुस्तक समोर. शिपाई म्हणाला, "सर, मोठे साहेब बोलतील."

"मला बोलतील ना."

त्या विद्यार्थिनीची चिठ्ठी मी त्या पुस्तकात ठेवली आहे. ती कुठे आहे, मला माहीत नाही. तिची माफी मागायला मला तिचा पत्ता नाही, आणि असता तरी माफीनं तिची गेलेली वर्षं परत आली नसती. जांभळा शिक्का ड्रॉवरमध्ये आहे, पण जे पुस्तक मांडणीवर आहे त्यासाठी तो आता उचलला जाणार नाही.

मनोहरचं वर्ष झालं. माझ्या खांद्यावर दुपट्टा नाही. तेव्हा माझा दुखवटा चालू आहे, आणि तो कधी संपला हे नंदनवनातून कोणी ठरवणार नाही. दवाखान्याच्या दारात, कॉलेजच्या फॉर्मवर, शेजाऱ्यांच्या जिन्यात, जिथे जिथे विचारतील कोण लागत होता, तिथे मी सांगणार आहे. माझा माणूस होता. माझा आवाज मुळात लहान आहे. ऐकू गेलं नाही तर दुसऱ्यांदा सांगेन.